माशांवरचे ठिपके, कापूस आणि जंत : सांगलीच्या हवापाण्यात टँकमधल्या माशांचे उपचार

डिसेंबरात पहाटे गारठा वाढला की सांगली-मिरजेतल्या बिनहीटरच्या टँकमध्ये आठवड्याभरात कुठल्या तरी मॉलीवर रवा भुरभुरल्यासारखे ठिपके उमटतात. मे महिन्यात त्याच टँकमधल्या माशाच्या पाठीवर पांढुरका पट्टा दिसतो. दोन्ही वेळा दुकानातून एकच निळी बाटली येते आणि अंदाजाने ओतली जाते. पहिल्या आजाराला पाणी तापवावं लागतं, दुसऱ्यात तापवलं तर मासा दोन दिवसांत जातो. म्हणून बाटलीकडे हात जाण्याआधी दोन गोष्टी ठरवायच्या: बिघाड पाण्यात आहे की माशात, आणि माशात असेल तर नेमका कोणता.

आधी पाणी

सगळे मासे एकाच वेळी पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करत असतील, तर तो आजार नाही, पाणी आहे. रोग एकेका माशाला धरत जातो. अमोनिया, क्लोरीन आणि ऑक्सिजनची टंचाई सगळ्यांना एकदम धरतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य हवेत. टेस्ट किट नसेल तर आजार ओळखण्याच्या फंदात पडू नका, आधी किट आणा.

आपल्याकडे बोअरचं पाणी बहुधा जड असतं आणि पीएच ८ च्या आसपास असतो. याचा अमोनियाशी थेट संबंध आहे. २५ अंशाला पीएच ७ असताना एकूण अमोनियातला जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो. पीएच ८ ला तो ५ टक्क्यांवर जातो. किटवर तोच आकडा दिसत असताना मऊ पाण्यातला मासा तगतो आणि बोअरच्या पाण्यातला कल्ले जळून मरतो, त्याचं कारण हे.

नळाच्या पाण्याची कथा वेगळी. पावसाळ्यात कृष्णेला गढूळ पाणी आलं की शुद्धीकरणात तुरटी आणि क्लोरीन दोन्ही वाढतात. जुलैमध्ये नळाला वास आला तर त्या दिवशी पाणी बदलू नका. बदलणं भागच असेल तर हायपोचे खडे, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, वापरा. १०० लिटरला १ ग्रॅम हायपो सुमारे १.४ मिलिग्रॅम प्रतिलिटर इतकं क्लोरीन मारतो. वास फार उग्र असेल तर दुप्पट टाका, त्याने मासे मरत नाहीत.

अमोनिया किंवा नायट्राइट सापडलं तर उपचार एकच: त्याच तापमानाचं, क्लोरीन घालवलेलं पाणी वापरून ४० ते ५० टक्के बदल, लागोपाठ तीन-चार दिवस, आणि खाद्य बंद. नायट्राइट असेल तर लिटरला १ ग्रॅम मीठ घाला. मिठातला क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. यातच निम्मे 'आजारी' मासे बरे होतात.

लिटर मोजा

दुकानदार टँक फुटात विकतो, औषध लिटरमागे असतं, आणि मधला हिशेब कुणी करत नाही. दोन फुटी टँक घ्या: ६० सेंमी लांब, ३० रुंद, ३८ उंच. काचेच्या कडेपर्यंत धरला तर ६८ लिटर. पण पाणी वरून पाच सेंमी खाली असतं, म्हणजे ६० × ३० × ३३ भागिले १०००, सुमारे ५९ लिटर. तळाचे चार सेंमी खडे आणखी चारेक लिटर खातात. औषध द्यायचं ते ५५ लिटरला. ६८ धरून दिलं तर डोस जवळजवळ चौथाईने चढतो, आणि मॅलाकाइट ग्रीनसारख्या औषधात तेवढ्यानेच कोरी (कोरिडोरस) आणि लोच हे बिनखवल्याचे मासे आडवे होतात.

मिलिग्रॅममधली औषधं चमच्याने मोजू नका. सराफी कामाला वापरतात तो ०.०१ ग्रॅमचा छोटा काटा घ्या. दहा मिलिग्रॅमच्या खालचं मोजायचं असेल तर १ ग्रॅम पूड १०० मिली पाण्यात विरघळवा. त्याच्या दर मिलीत १० मिलिग्रॅम औषध येतं. मग सिरिंजने काढा.

उपचाराचा टँक

मोठ्या टँकमध्येच औषध ओतण्यात दोन तोटे आहेत: फिल्टरमधले जिवाणू मरतात आणि झाडं सडतात. पारदर्शक प्लास्टिकचा ३०-४० लिटरचा टब पुरतो. तळाला काही नको, लपायला पीव्हीसीचे दोन एल्बो, एक स्पंज फिल्टर, ५० वॉटचा हीटर, वेगळा थर्मामीटर. हा स्पंज आधीपासून मोठ्या टँकमध्ये कोपऱ्यात चालू ठेवलेला असावा, म्हणजे वेळ आली की जिवंत फिल्टर तयार मिळतो. नाहीतर आजारी मासा नव्या टबात अमोनियाने मरतो आणि बोल औषधाला लागतो. उपचारात ॲक्टिव्हेटेड कार्बन काढून ठेवा, तो औषध शोषतो. यूव्ही दिवाही बंद.

एक अपवाद लक्षात ठेवा. व्हाइट स्पॉट, वेल्वेट आणि कॅमॅलॅनस जंत (तिन्हींची ओळख पुढे येते) यांच्यात एक मासा वेगळा काढून भागत नाही, कारण परजीवीची पुढची पिढी मूळ टँकच्या पाण्यात किंवा तळात असते. तिथे पूर्ण टँकवरच उपचार करावा लागतो.

व्हाइट स्पॉट : सांगलीच्या हिवाळ्याचा पाहुणा

मिठाच्या बारीक कणाएवढे, एकसारखे, वर आलेले ठिपके, आधी परांवर आणि शेपटीवर. मासा दगडाला अंग घासतो. लोच, मॉली आणि टेट्रा सर्वांत आधी पकडले जातात. परजीवीचं नाव इक्थिऑफ्थिरियस मल्टिफिलिस.

या आजारात डोस चुकण्यापेक्षा वेळ चुकण्याने जास्त मासे मरतात, म्हणून जीवनचक्र नीट समजून घ्या. जो ठिपका दिसतो तो माशाच्या कातडीखाली बसलेला किडा. तिथे त्याला कुठलंही औषध लागत नाही. २५ अंशाला पाच-सात दिवसांत तो पोसून खाली पडतो, तळाला किंवा काचेला चिकटून स्वतःभोवती कवच करतो. तिथेही औषध पोचत नाही. साधारण एका दिवसात त्या कवचातून शेकडो पिल्लं बाहेर पडतात आणि दीड-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर मरतात. औषध फक्त या पोहणाऱ्या पिल्लांना मारतं.

म्हणून औषध सुरू केल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ठिपके वाढले तर घाबरून डोस दुप्पट करू नका. ते आधीच कातडीत शिरलेले आहेत, आता फक्त मोठे होऊन दिसायला लागलेत. आणि पाचव्या दिवशी ठिपके गेले म्हणून थांबूही नका. ते गेले नाहीत, खाली पडलेत.

पहिला मार्ग उष्णता आणि मिठाचा. हीटरने पाणी दर दोन-तीन तासांना एक अंश अशा गतीने ३० अंशांवर न्या. तापमानाने चक्र वेगाने पळतं, आणि ३० च्या वर बहुतेक वेळा पिल्लांना माशात शिरताच येत नाही. ५५ लिटरला १०० वॉटचा हीटर लागेल. थंडीच्या रात्री ५० वॉटचा २६ वर अडकतो आणि मालकाला वाटतं आपण उपचार करतोय. पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी राहतो (२५ अंशाला लिटरमागे सुमारे ८.२ मिलिग्रॅम, ३० ला ७.५), म्हणून दुसरा एअर स्टोन लावलाच पाहिजे. रात्री टँकला तीन बाजूंनी थर्माकोल लावा. लाइट गेली तरी तासाभरात फार उतरत नाही.

सोबत मीठ. साधं खडे मीठ, लिटरला १ ग्रॅम, म्हणजे आपल्या टँकला ५५ ग्रॅम, मगभर पाण्यात विरघळवून तासाभरात थोडं थोडं. बारा तासांनी आणखी ५५. मॉली, गप्पी, एंजल असतील तर तिसऱ्यांदाही चालतं; कोरी, लोच किंवा झाडं असतील तर पहिल्या ५५ वरच थांबा. मीठ उडून जात नाही, त्यामुळे बाष्पीभवनाची भर साध्या पाण्याने घाला. पाणी बदललं तरच, आणि जितके लिटर बदलले तितक्याच लिटरचं मीठ पुन्हा.

दर दुसऱ्या दिवशी पाइपने तळ ओढून २५ टक्के पाणी बदला. यात कवचं थेट बाहेर जातात, आणि हे काम सगळे टाळतात. शेवटचा ठिपका दिसेनासा झाल्यावर आणखी सात दिवस ३० अंश ठेवा. एकूण दहा ते चौदा दिवस धरा.

पाच दिवसांत फरक नसेल, किंवा गोल्डफिशसारखा उष्णता न झेपणारा मासा असेल, तर मॅलाकाइट ग्रीन आणि फॉर्मेलिन असलेलं तयार औषध, बाटलीवरच्या डोसने. बिनखवल्याच्या माशांना निम्मा. हातमोजे घाला आणि खाण्याच्या माशांच्या जवळपास ते नेऊ नका. सुट्या फॉर्मेलिनच्या बाटलीत तळाला पांढरा साका दिसला तर ती फेकून द्या. तो साका माशांना जास्त विषारी असतो.

मे महिन्यातला कापूस

एप्रिल-मेमध्ये सांगलीतला बिनहीटरचा टँकही ३१-३२ अंशांवर बसतो. तिथे व्हाइट स्पॉट सहसा टिकत नाही. तेव्हा पाठीवर खोगिरासारखा करडा-पांढरा पट्टा, तोंडाभोवती कापूस, कडा किंचित पिवळसर असं दिसलं तर बुरशी समजू नका. हा बहुधा कॉलम्नॅरिस, फ्लेव्होबॅक्टेरियम कॉलम्नेर नावाचा जिवाणू. खरी बुरशी, सॅप्रोलेग्निया, लांब तंतूंची आणि फुगीर असते, जखमेवर किंवा मेलेल्या अंड्यांवर येते, सावकाश वाढते. कॉलम्नॅरिस उष्णतेत चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत मारतो.

इथे पाणी थंड करायचं. झाकण काढा, छोटा टेबल फॅन पृष्ठभागावर सोडा. तीन-चार अंश उतरतात. गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या एकावेळी एकच, बर्फ थेट पाण्यात नको. २४-२५ च्या जवळ न्या, पण दिवसात दोन-तीन अंशांहून जास्त नाही. सोबत लिटरला २ ग्रॅम मीठ, कोरी-लोच असतील तर एकच.

मासा वेगळ्या टबात घेऊन पोटॅशियम परमँगनेट २ मिलिग्रॅम प्रतिलिटर, चार तास. ३० लिटरला ६० मिलिग्रॅम, म्हणजे वरच्या पद्धतीने केलेल्या द्रावणाचे ६ मिली. रंग गुलाबी-जांभळा राहिला पाहिजे. अर्ध्या तासातच चहासारखा तपकिरी झाला तर पाण्यात घाण जास्त आहे, औषध तिथेच संपलं. मासा कलंडला तर लगेच हायपोचे दोन-चार खडे टाका, रंग आणि परिणाम दोन्ही मिटतात. पीएच ८ च्या पुढे असेल तर हे टाळा, त्याचा गाळ कल्ल्यांवर बसतो. फॉर्मेलिनशी याची गाठ चुकूनही घालू नका.

टेट्रासायक्लिनची कॅप्सूल फोडून टँकमध्ये टाकायची पद्धत सगळीकडे आहे. बोअरच्या जड पाण्यात ती जवळजवळ वाया जाते, कारण कॅल्शियम आणि मॅग्नेशियम तिला बांधून ठेवतात. शिल्लक राहतो तो पिवळा फेस आणि मेलेला फिल्टर. अँटिबायोटिक लागलंच तर पशुवैद्याकडून, आणि मासा खात असेल तर खाद्यातून.

खऱ्या बुरशीला मिथिलीन ब्लू. १ टक्क्याच्या द्रावणाचे १० लिटरला २ मिली, तेही उपचाराच्या टबातच. मोठ्या टँकमध्ये ते फिल्टरचे जिवाणू मारतं आणि सिलिकॉन कायमचं निळं करतं.

वेल्वेट आणि मोरचूद

अंधारात टॉर्च तिरका धरला की अंगावर सोनेरी धूळ दिसते, मासा पर मिटून एका जागी थरथरतो. फायटर आणि किलीफिश यांना जास्त. या परजीवीत हरितद्रव्य असतं, म्हणून टँक चादरीने झाकून पूर्ण अंधार करा, तापमान २८-२९, मीठ लिटरला २ ग्रॅम, दहा दिवस.

पुस्तकी औषध तांबं आहे. तासगाव-पलूसच्या द्राक्षपट्ट्यात बोर्डो मिश्रणासाठी मोरचूद घरात असतोच, म्हणून हे स्पष्ट सांगायला हवं. तांब्याची मात्रा ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर. मोरचुदात एक चतुर्थांश तांबं असतं, म्हणजे ६० लिटरला जेमतेम ४८ मिलिग्रॅम मोरचूद. बोटांची चिमूट याच्या कितीतरी पट असते. त्यात पाणी मऊ असेल तर हीच मात्रा मारक ठरते, आणि गोगलगायी, झिंगे उपचाराच्या मात्रेला वाचत नाहीत. तांब्याचं टेस्ट किट नसेल तर मोरचूद द्राक्षांवरच ठेवा.

आणि हळद. हळदीच्या पेठेत राहून मोह होणारच. हळद पाण्यात विरघळत नाही, तिची मात्रा ठरलेली नाही आणि तळाला सडून अमोनिया करते. तुरटीही नको, ती पीएच पाडते.

कल्ल्यातले आणि पोटातले

एकच कल्ला जोरात हलतोय, दुसरा मिटलेला, मासा अंग घासतोय पण ठिपका एकही नाही: कल्ल्यातली चपटी कृमी, डॅक्टिलोगायरस. शक्य असेल तर काचपट्टीवर कल्ल्यावरची किंचित चिकटी घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली ४० ते १०० पटीत पाहा, कृमी वळवळताना दिसतात. औषध प्राझिक्वांटेल, २.५ मिलिग्रॅम प्रतिलिटर. ६०० मिलिग्रॅमच्या गोळीचा चौथा भाग ६० लिटरला. ते पाण्यात सहज मिसळत नाही. खलात बारीक करून झाकणाच्या बाटलीत कोमट पाण्यासोबत पाच मिनिटं हलवा. ही कृमी अंडी घालते आणि अंड्यांना औषध लागत नाही, म्हणून सहा-सात दिवसांनी पुन्हा, आणि शक्यतो तिसऱ्यांदाही. कुत्र्याच्या जंताच्या गोळ्यांत बहुधा इतर औषधंही मिसळलेली असतात, त्या वापरू नका.

गप्पीच्या गुदद्वारातून लाल धाग्यांचा झुपका बाहेर दिसला तर तो कॅमॅलॅनस. डासांसाठी हौदात सोडलेले गप्पी थेट टँकमध्ये आणले की हा, आणि त्यांच्यासोबत अँकर वर्म, येण्याची शक्यता वाढते. औषध लेव्हामिसोल, २ मिलिग्रॅम प्रतिलिटर: १५० मिलिग्रॅमची गोळी ७५ लिटरला. उजेडात ते फुटतं, दिवा बंद करून टँक झाका. जंत मरत नाहीत, लुळे पडून बाहेर येतात. चोवीस तासांनी तळ ओढून निम्मं पाणी बदललं नाही तर मासे तेच पुन्हा खातात. दोन ते तीन आठवड्यांनी दुसरा डोस. जनावरांच्या औषधांच्या दुकानात हे सहज मिळतं, पण लेबल वाचा. गाई-म्हशींच्या पातळ औषधात लेव्हामिसोलसोबत अनेकदा ऑक्सिक्लोझानाइड असतं. ते माशांना चालत नाही.

ऑस्कर, डिस्कस, एंजल यांची विष्ठा पांढरी, लांब, चिकट दोऱ्यासारखी, मासा खाद्य तोंडात घेऊन थुंकतो, पुढे डोक्यावर खड्डे: आतड्यातले स्पायरोन्युक्लियस. मेट्रोनिडाझोल इथेच चालतं. ४०० मिलिग्रॅमची गोळी ६० लिटरला, किंवा २०० ची ३० ला. रोज निम्मं पाणी बदलून बदललेल्या पाण्यापुरता डोस पुन्हा, पाच दिवस. मासा खात असेल तर खाद्यातून देणं कितीतरी चांगलं: २०० मिलिग्रॅम पूड ४० ग्रॅम ओल्या खाद्यात, चायना ग्रासच्या कोमट द्रावणाने बांधून तुकडे करून गोठवा, दिवसाला माशाच्या वजनाच्या साधारण १ टक्का, पाच दिवस. ही डॉक्टरच्या चिठ्ठीची औषधं आहेत. पशुवैद्याकडे जाताना टँकचे लिटर, तापमान, पीएच आणि विष्ठेचा फोटो न्या. गाई-म्हशींच्या डॉक्टरलाही तेवढ्यावर बरंच ठरवता येतं.

अँकर वर्म काडीसारखा बाहेर लोंबतो. ओल्या फडक्यात मासा धरून बारीक चिमट्याने मुळाशी पकडून सावकाश ओढा. तुटून डोकं आत राहिलं तर गळू होतं. टँकमध्ये पिल्लं राहतातच, त्यासाठी डायफ्लुबेन्झुरॉन असलेलं तयार औषध. त्याने झिंगेही मरतात.

पाइनच्या फळासारखी खवलं उभी राहिली तर तो जलोदर, आणि तोवर मूत्रपिंड बहुधा गेलेलं असतं. मासा वेगळा करा. चार-पाच दिवसांत पोट उतरलं नाही तर ओढाताण नको: लवंगतेल लिटरला अर्धा मिली, आधी थोड्या कोमट पाण्यात जोरात हलवून दूधी करून मग भांड्यात. कल्ले थांबल्यावरही अर्धा तास तसंच ठेवा.

नवा मासा

इथल्या दुकानांत येणारे बरेचसे मासे लांबचा प्रवास पिशवीत करून येतात. दुकानातल्या एकाच पाण्याच्या टाक्यांत सगळे मिसळतात. नव्या माशाला चार आठवडे उपचाराच्या टबात ठेवा, जाळी वेगळी, पाइप वेगळा. पिशवीतलं पाणी टँकमध्ये ओतू नका. नाल्यातला ट्युबिफेक्स (जिवंत खाद्य म्हणून देतात ते लाल जंत) बंद. वापरलेली जाळी पोटॅशियमच्या जांभळ्या पाण्यात वीस मिनिटं ठेवून उन्हात पूर्ण सुकवा. व्हाइट स्पॉटची कवचं कोरडेपणाने मरतात. औषधाचं पाणी संडासात ओता, बागेत नको. आणि मासा, मेलेला असो की नकोसा झालेला, कृष्णेत सोडू नका.